पाण्याकडून पाहिलेला नकाशा

नकाशा समोर आला की काका तो आधी फिरवायचे. आम्ही उत्तर दिशा वर करून, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवून तो टेबलावर नीट पसरलेला असायचा. काका एकेक वजन उचलायचे, कागद हलकेच वळवायचे, आणि खाडी स्वतःच्या पोटाशी आली की समाधानानं म्हणायचे, "आमी पान्याकडून बगतो, बाय." मग आम्ही सगळे माना वाकड्या करून रस्त्यांची नावं वाचत बसायचो.

बेलापूरला आमची छोटीशी संशोधन संस्था आहे. रस्त्यावरची वाहनं मोजायची, खाडीतल्या बोटी मोजायच्या, अपघात कुठं होतात, धूर किती, लाटा किती, याचे अहवाल लिहायचे, हे आमचं काम. काका तिथले सर्वेक्षण सहायक. दिवाळे गावचे, मासेमारीच्या घरातले. मी कोपरखैरण्याची, मूळची साताऱ्याकडची. वडील मार्केटात माथाडी. पाणी म्हणजे मला सकाळी नळाला येतं तेवढंच ठाऊक. काकांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं असावं, कारण इतरांसारखं त्यांनी मला कधी 'मॅडम' म्हटलं नाही. मी त्यांची 'बाय' झाले. त्यांच्याकडे मुलींना अशीच हाक मारतात.

तुम्ही कधी तळोज्याच्या नाक्यावरून गेला असाल तर ते तुम्हालाही दिसले असतील. दुभाजकाजवळ प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर पुठ्ठा आणि डोळे मिटलेले. कोणालाही वाटावं, म्हातारा झोपलाय. मलाही तसंच वाटलं. जवळ जाऊन हाक मारली तर त्यांनी डोळे न उघडताच पुठ्ठ्यावर एक रेघ ओढली.

"कंटेनर. रिकामा हाय. भरलेला असा खडखडत नाय."

मी वळून पाहिलं. मागची दारं उघडी होती, कंटेनर रिकामाच होता.

एकदा धूर मोजायचं यंत्र बिघडलं, तेव्हा त्यांनी सिग्नलच्या खांबाला घरचा पांढरा रुमाल बांधला आणि दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. भला माणूस, पण आकडा हातात आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांनी त्या काळ्या रुमालाकडे बघून विचारलं, "हे मी कोणत्या कॉलममध्ये टाकू?"

"नका टाकू. नाक पुसा," काका म्हणाले.

साहेब हसले. तो रुमाल पुढं कित्येक महिने त्यांच्या खणात होता.

पण मला सांगायचं आहे ते खाडीचं.

खाडीतून जलद प्रवासी बोट सुरू व्हायची होती. तिच्या वाटेत एक वळण आहे, तिथं पात्र अरुंद होतं. त्या वळणावर किती होड्या असतात, किती माणसं पाण्यात उतरतात, हे बघून बोटीचा वेग ठरणार होता. कोणीच नसेल तर बोट तिथून पूर्ण वेगानं जाणार. मोजणी माझ्याकडे आली. मी तीन दिवस, सकाळी दहा ते दुपारी दोन, काठावर बसले. उजेड चांगला, जेवण वेळेवर. काका त्या दिवसांत तळोज्याला होते. खाडी काठोकाठ भरलेली, वर स्वच्छ ऊन, पलीकडे कांदळवनाची हिरवी रेघ पाण्यावर अधांतरी तरंगल्यासारखी. बघता बघता माझे डोळे जड व्हायचे. खरं सांगायचं तर मधूनमधून मला डुलकी लागली, पण टक्क जागी असते तरी काही वेगळं दिसलं नसतं. पाण्यात एकही माणूस नव्हतं. 'माणसांचा वापर: शून्य' असं लिहून मी खाली सही केली.

काका परत आले, त्यांनी तक्ता पाहिला. या वेळी नकाशा फिरवला नाही.

"पान्याला इचारलंस का?"

"म्हणजे?"

"कवा बसलीस तू?"

मी तारखा सांगितल्या. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. "पुनवेचं उधान. दुपारी बाराला तिथं डोक्यावरून पानी. तवा कोन उतरंल मरायला? संकष्टीला ये. सकाळी आठला."

रस्ता घड्याळावर चालतो. खाडी तिथीवर चालते, आणि तिची वेळ रोज थोडी पुढं सरकते. वाहतूक नियोजनाची पदवी घेऊनही मला हे माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं.

संकष्टीला काकांच्या होडीतून निघालो. धुकं होतं. जिथं मी भरलेली खाडी पाहिली होती तिथं आता लांबच लांब चिखल पसरलेला, ओला, चकाकणारा, आणि मधून पाण्याची एक चिंचोळी वाट. काका वल्हं मारत होते, त्याचा आवाजही धुक्यात विरत होता. मला वाटलं, मी अजून त्या दुपारच्या डुलकीतच आहे. मग धुकं जरा हललं आणि बायका दिसल्या. कंबरभर पाण्यात वाकून, हातांनी तळ चाचपत खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढत होत्या. एक दिसली, मग तिच्यामागे दुसरी, मग ओळच्या ओळ. मी मोजायला लागले, पण त्या खाली वाकल्या की धुक्यात नाहीशा व्हायच्या आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

काकांनी एक बांबू आणला होता, त्यावर वीतवीत अंतरावर चुन्याचे पट्टे. तो त्यांनी पाण्याच्या कडेला चिखलात रोवला.

थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज आला. कोणाची तरी खासगी बोट होती, जोरात निघालेली. आवाज ऐकताच सगळ्या बायका एकदम ताठ झाल्या, पाट्या डोक्यावर घेतल्या, एकमेकींचे हात धरले. बोट गेली आणि तिच्यामागून लाट आली. बांबूचे तीन पट्टे पाण्याखाली गेले. टोकाच्या बाईचा पाय सुटला, ती मानेपर्यंत बुडाली. शेजारणींनी तिला ओढून वर काढलं. तिची पाटी वाहत गेली. काकांचे दोन्ही हात होडीच्या कडेवर घट्ट आवळलेले होते.

ती बाई निथळत, खोकत आमच्या होडीपाशी आली.

"हीच का ती कागदवाली?" तिनं काकांना विचारलं. मग माझ्याकडे वळली. "आमी हितं नाय असं लिवलंस तू? मंग मी कोन हाय?"

मला तेव्हा लाज वाटली, अजूनही वाटते.

परतताना मी विचारलं, "त्या बाई कोण होत्या?"

"माजी बायको."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

काकांनी वल्हं आडवं ठेवलं. "सांगितलं असतं तर माज्याखातर लिवलं असतंस. तुज्या डोल्यानं बगून लिव."

अहवाल दोन दिवसांत द्यायचा होता. मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की शून्य चुकलंय, माझ्यामुळे चुकलंय, आणि पूर्ण पंधरवडा तिथीप्रमाणे पुन्हा मोजावं लागेल.

"पंचांग बघून ट्रॅफिक मोजायचं?" साहेब म्हणाले.

काका आत आले. त्यांनी तो चिखलानं भरलेला बांबू साहेबांच्या भिंतीला टेकवून ठेवला, टेबलावरचा नकाशा फिरवला आणि खाडी साहेबांच्या पोटाशी आणून सोडली. "आता बगा," एवढंच म्हणाले. साहेब नकाशाकडे बघत राहिले, मग बांबूकडे. लाटेनं कुठवर चिखल चढवलाय ते त्यांनी उठून बोटानं पाहिलं. शेवटी म्हणाले, "मुदत मी मागून घेतो. बसा पंधरा दिवस."

आम्ही बसलो. ओहोटीच्या वेळी त्या वळणावर बोट अगदी सावकाश न्यावी, असं अहवालात गेलं आणि ते मान्य झालं. आमच्या मोजणीच्या फॉर्मवर 'तिथी' असा एक रकाना आला. नवीन मुलं तो बघून हसतात. मी त्यांना खाडीवर घेऊन जाते.

काकांना ती बोट बघायला मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच, दुपारी जेवून लवंडले ते उठले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. कचेरीत नकाशा पसरला की मी अजून क्षणभर थांबते, कोणीतरी वजनं उचलेल म्हणून.

मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिथी बघून सकाळच्या बोटीत बसले. धुकं तसंच होतं. वळण जवळ आलं आणि इंजिनाचा आवाज बसला. शेजारच्या माणसानं घड्याळ पाहिलं. "हितंच काय स्लो करतात यार. अधूनमधून हेच टेन्शन."

खिडकीबाहेर बांबू दिसला. त्या पंधरा दिवसांत ओहोटी मोजायला काकांनी तो पुन्हा नेऊन रोवला होता, तो तसाच उभा होता, चुना मात्र धुऊन गेलेला. त्याच्यापलीकडे बायका पाण्यात वाकलेल्या होत्या. टोकाला काकी होत्या, मी त्यांना पाठीवरूनच ओळखलं. बोट त्यांच्या इतक्या जवळून गेली की त्यांच्या पाटीतले खुबे मला दिसले. पाणी जेमतेम हललं. काकींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.