पट्ट्याचे टाके

महिनाभराच्या प्रवासात म्हैसूरला आठ दिवस राहिलो. लॉजच्या खालीच एका वयस्कर शिंप्याचं दुकान होतं. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथलंच. मी जाता-येता दिसलो की मशीन थांबवून ते विचारायचे, "जेवलात काय?" सकाळी सात वाजतासुद्धा हेच.

शेवटच्या दिवशी कुठं जायचं काहीच ठरलं नव्हतं. बॅगेचा पट्टा उसवला होता, तो घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"स्वल्प बसा की. दहा मिनिटं."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. एक टाका घालायचे, एक प्रश्न विचारायचे. तुमच्याकडे भाकरी कशाची करतात? विहिरीला पाणी असतं काय अजून? मी बोलू लागलो की दाभण हवेत धरून ऐकत राहायचे. बोलता बोलता दुधाच्या खरवडीचा विषय निघाला, तसे एकदम हसले.

"खरवड! आमची बायको म्हणायची. ती गेल्यापास्नं घरात सगळं कन्नडच, नोडी, बघा की."

मला मुळात धीर कमी. मी उठलो. पट्टा तयार होता. टाके सरळ होते, घट्ट होते, मला दिसत होते. त्यांनी तो उजेडाकडे धरला, कात्रीच्या टोकानं शेवटचे चार टाके उसवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाकडं आलंय. आणखी स्वल्प थांबाल काय?"

मी परत स्टुलावर बसलो.

"आणि ती खरवड," मी म्हणालो, "आमची आई साखर घालून द्यायची."