हातभर जास्तीची तार

आमच्या साडूंइतका वेळ घेऊन आजवर कुणी काही निवडलेलं नाही, आणि त्यांच्याइतक्या किरकोळ वस्तूसाठी तर नाहीच नाही. ही वस्तू म्हणजे क्रिंपिंग टूल. इंटरनेटच्या वायरीच्या टोकाला तो बोटाच्या पेराएवढा पारदर्शक कनेक्टर दाबून बसवतात, ती पक्कड. त्यांच्या सौ., म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हे सगळ्या पाहुण्यांसमोर सांगतात, "मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार देऊन मोकळे. आणि ती पक्कड दसऱ्याला बघायला घेतली, तर घेईपर्यंत संक्रांत उजाडली." साडू यावर रागावत नाहीत. "पक्कड चुकली की तार वाया जाती," एवढंच म्हणतात, आणि या वाक्याचा अर्थ काय लावायचा हे बाई अजून ठरवतायत.

साडू ईट गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेत संगणक आले तेव्हा वायरीच्या आतल्या आठ बारीक तारांचा रंगक्रम लावायचा होता. रंग कळणारा माणूस म्हणून हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं, आणि साडू त्या खोलीतून मनानं कधी बाहेर आलेच नाहीत. निवृत्त झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम ते अजून आरतीसारखा म्हणतात आणि मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करतात. त्यांची हत्यारं वडिलांच्या पानाच्या चंचीत असतात. पानाच्या कप्प्यात अखंड तारेचे कनेक्टर, काताच्या कप्प्यात मऊ, अनेक पदरी तारेचे, आणि सुपारीच्या जागी वायर तपासायचा टेस्टर. लग्नात जेवणानंतर त्यांनी चंची सोडली की आजूबाजूचे म्हातारे आशेनं सरकून बसतात आणि आतून निघालेलं प्लॅस्टिक बघून परत सरकतात.

दुकानात जातानाही साडू खिशात स्वतःच्या वायरीचा तुकडा घेऊन जातात. पक्कड हातात घेतात, डोळे मिटतात, वैद्य नाडी बघतो तशी हळूहळू दाबतात आणि कानाजवळ नेऊन शेवटचा 'कट' आवाज ऐकतात. कनेक्टर उजेडाकडे धरून त्याच्या पितळी दातांकडे बघतात. धाराशिवच्या आमच्या दुकानदारानं एकदा हात जोडले, "काका, घेऊ नका, चालंल. पण दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मालाला नावं ठेवू नका." साडूंनी त्याला तिथंच टेबलावर बसवून माल कसा ओळखायचा ते शिकवलं. तेव्हापासून साडू दिसले की दुकानदार जेवायला जातो.

मी या सगळ्याच्या उलटा. मी याद्या करणारा माणूस. किराण्याची यादी, दुरुस्त्यांची यादी, आणि कुठली यादी कुठल्या खणात आहे त्याची एक यादी. बायकोचं म्हणणं, लग्नात सप्तपदीच्या वेळी मी मनातल्या मनात एकेका पावलापुढे बरोबरची खूण करत होतो. हा आरोप मी नाकारलेला नाही.

तर झालं असं, की आमची मुलगी पुण्याची नोकरी घरून करायला धाराशिवला आली. माडीवरच्या खोलीत तिनं टेबल मांडलं. घरात पुन्हा हसण्याचा आवाज यायला लागला, बायको भाकरी जास्त थापू लागली, आणि मलाही फार बरं वाटत होतं, हे मात्र मी कुठल्या यादीत लिहिलं नव्हतं. अडचण एकच होती. खालच्या वायफायची ताकद जिना चढेपर्यंत संपायची. मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठायचा, तोंड उघडं राहायचं, आणि साहेब पुण्याहून 'हॅलो, हॅलो' करत बसायचे. शेवटी साहेबांनी सांगितलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये लाइन पुन्हा तुटली तर सामान बांधून ऑफिसला या.

बायको म्हणाली, "दाजींना बोलवा." मी म्हणालो, "दाजी निवड करेपर्यंत ही रिटायर होईल." आणि मी यादी केली. फीत धरून खालच्या वायफायच्या डब्यापासून टेबलापर्यंतचं अंतर मोजलं आणि नेमकी तेवढीच वायर आणली, बोटभरही जास्त नाही. मोबाइलवर सगळ्यात लवकर घरपोच येणारी पक्कड आणि कनेक्टरची पिशवी मागवली. शनिवारी खिळे ठोकून वायर भिंतीला इतकी सरळ बसवली, की खाली उतरून मी ती पुन्हा पुन्हा बघितली.

मग टोकं बसवली. माझ्या कनेक्टरमधून आठही तारा झुरळाच्या मिशांसारख्या पुढून बाहेर आल्या. मी त्या नेलकटरनं कापल्या. लाइन आली, गेली, आली, गेली. हा कनेक्टर एकदा दाबला की उघडत नाही. चुकला तर टोकासकट कापून टाकायचा आणि नवा बसवायचा. मी कापला, बसवला, कापला, बसवला. प्रत्येक वेळी चार बोटं वायर जात होती, हे माझ्या यादीत नव्हतं. रविवारी सकाळी वायर टेबलापर्यंत पोचेना. मुलगी दारात पाटावर बसली, लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता काकांना फोन करता का मी सामान बांधू?"

साडू फोनवर एवढंच म्हणाले, "कशाला हात लावू नका. निघालो."

दुपारी आले. पाणीसुद्धा न घेता माझी पक्कड कानाशी धरून दाबली. "ही पक्कड न्हाय पाव्हणं, हा अडकित्ता हाय." मग वायरीचं टोक बघितलं. "हे कशानं कापलं?"

मी खिळ्यांची पिशवी आवरायला घेतली.

"नेलकटरनं, काका," मुलगी म्हणाली.

साडू पाटावर बसले. समाचाराला आल्यासारखा वायरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ह्यो कनेक्टर आरपार भोकाचा. तारा पुढनं बाहेर येणारच. त्या दाबताना तासून कापायला पात्याची पक्कड लागती. तुमची बिनपात्याची. टोकं एकमेकाला शिवत्यात, मग लाइन तुटती. जोडा जमलाय का न्हाय, हे आदी बघावं माणसानं."

"दाजी, पोहे खाताना तुम्ही तरी कुठं बघितलंत?" बायको आतून म्हणाली. साडूंनी चंची सोडायला घेतली.

चंची पलंगावर पसरली. ईटहून आणलेलं वायरीचं भेंडोळं पिशवीतून बाहेर निघालं आणि निवड सुरू झाली. हा कनेक्टर नको, याचा दात बसका आहे. तो नको, त्याचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय. चहा झाला. दुसरा चहा झाला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलं, तरी साडू एकेक कनेक्टर उजेडाला धरतच होते. मुलगी जिन्यात येरझारा घालत होती. शेवटी माझा तोल गेला.

"अहो, उद्या सकाळी मीटिंग आहे! आपण काय मुलगी द्यायला बसलोय का?"

साडूंनी चष्म्यावरून बघितलं. "मुलगी द्यायलाच बसलोय, पाव्हणं. ह्यो नीट न्हाय दाबला, तर उद्या पुण्याला द्यावी लागंल."

त्यानंतर साडूंनी माझी आखूड वायर काढून ईटची वायर ठोकली, आणि मी खाली बघत फक्त स्टूल धरलं.

त्यांनी रंग म्हटले, तारा सरळ केल्या, एका रेषेत कापल्या, कनेक्टर सरकवला आणि डोळे मिटून पक्कड दाबली. 'कट.' टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागत गेले. मी हुश्श केलं, आणि वर बघितलं तर माझ्या सरळ भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या वर, साडूंनी जास्तीच्या वायरीचं हे एवढं वेटोळं बांधून ठेवलेलं.

"हे कशाला? चांगलं दिसत नाही."

"राहू द्या. तार कधी नेमकी घेऊ नये. माणूस चुकतो, टोक कापावं लागतं. आन् न्हाय चुकला, तरी टेबल हलतं."

"टेबल कशाला हलेल?"

"पोरीचं टेबल हाय," साडू म्हणाले आणि जेवायला बसले.

सोमवारी लाइन तुटली नाही. मुलगी राहिली. मी दुरुस्त्यांच्या यादीत 'वेटोळे काढणे' असं लिहून ठेवलं. पण पंधरवड्यात तिला भिंतीकडे तोंड करून कंटाळा आला आणि टेबल खिडकीशी गेलं. वेटोळ्यातली वायर सुटली आणि पुरली. उन्हाळ्यात टेबल पंख्याखाली आलं. पावसाळ्यात गच्चीच्या दाराशी, कारण तिथून समोरच्या लिंबावरचे पोपट दिसतात. दर वेळी मी फीत घेऊन वर जायचो, आणि दर वेळी वायर पुरलेली असायची.

मग तिला दुसरीकडे मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली. तिथं रोज ऑफिसला जावं लागतं. तिला ती हवी होती, आणि आम्ही पेढे वाटले. त्या वायरीवरची लाइन एकदाही तुटली नाही, आणि तरी मुलगी गेली. तिला सोडून आलो त्या आठवड्यात मी खोली आवरायला घेतली. वायर गच्चीच्या दारापर्यंत लोळत होती, वर वेटोळ्याचा जेमतेम एक फेरा उरला होता. यादीप्रमाणे आता ती काढून टाकायला काही हरकत नव्हती. मी पक्कड घेऊन स्टुलावर चढलो आणि उतरलो.

साडू आले ते न बोलावता. माडीवर गेले, वायरीचं टोक पुसलं, त्यावर रबरी टोपी घातली. मग स्टुलावर चढून गच्चीपाशी गेलेली सगळी वायर हळूहळू मागे ओढली आणि चौकटीच्या वर पहिल्यासारखं मोठं वेटोळं बांधलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सुट्टीला यील की," ते म्हणाले. "टेबल कुठं ठिवंल, काय सांगावं?"

मी खाली स्टूल धरून उभा होतो. त्यांना घाई नव्हती, आणि या खेपेला मलाही नव्हती.