पोहता येतं, असं मी लिहून दिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सौंदडला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, दिवसभर तोंड चालू असतं — पण एवढं एक ओठांवर आलं की मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारतो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि माझी बायको सुमन अंदमानला गेलो. तिथे निवडायचं होतं — काचेच्या तळाची नाव, बसल्या जागी मासे बघा. नाहीतर शिडाची होडी, तोंडात श्वासाची नळी धरून खोल पाण्यात स्नॉर्कलिंग, पण फक्त पोहणाऱ्यांसाठी. सुमन म्हणाली, "काचवालीच घ्या ना जी. मले पाण्याचा भेव लागते."

सोबतच्या नागपूरवाल्यांनी शिडाची घेतली. मग मी मागे राहतो? म्हणालो, आम्ही तलावांच्या जिल्ह्यातले! दोघांनाही पोहता येतं, असं लिहून सही ठोकली. खरं सांगू? चोरखमाऱ्याच्या तलावात मी कधी छातीच्या वर गेलो नाही. सुमनला पाणी ठाऊक ते भाताच्या रोवणीच्या चिखलातलं. लाइफ जॅकेटं होती — लोक हसतील म्हणून मी तिलाही घालू दिलं नाही.

पाण्यात उतरलो तसे नागपूरवाले पुढे गेले. सुमनच्या नळीत पाणी शिरलं आणि तिने माझा दंड धरला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात — तिला तर नवरा होता. आणि मी काय केलं? तिची करंगळी उलटी पिरगाळली. हात सुटला. मग तिच्याच पोटाला पाय लावून मी होडीकडे सरकलो. खलाशाने उडी मारून तिला वर काढलं, तेव्हा मी शिडी धरून लटकत होतो.

घरी आल्यावर ती सगळ्यांना सांगू लागली, "यायनं हात नाही सोडला माहा, नाही त मी गेलीच होती." मी मान हलवायचो. तिला आठवत नाही, असं वाटायचं — किती हायसं वाटायचं! लाज वाटते लिहायला.

ती करंगळी अजून वाकत नाही. यंदा रोवणीत तिच्या हातून रोपं निसटत होती. शेजारणीने विचारलं, "काय झालं वो बाई?" मी बांधावरच होतो. माझ्याकडे न बघता सुमन म्हणाली, "होडीच्या दोरात अडकली होती."

ती मला कधी विचारणार नाही. मीही तिला सांगणार नाही. असंच म्हातारं व्हायचं.

दोर सगळे वर, शिडाला होते. पाण्यात फक्त मी होतो.