माझ्या मुलीची शाळा
परवा भाचीच्या नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालताना तो कोरा वास नाकात गेला आणि मला कात्रजच्या घाटापलीकडची, मी शिकवायचे ती जिल्हा परिषदेची शाळा आठवली. दोन खोल्या, पुढे कडुलिंब आणि पटावर जेमतेम अकरा मुलं. पट आणखी घसरला तर शाळाच बंद होणार होती, म्हणून मी एप्रिलच्या उन्हात घरोघर फिरत होते. एका गोठ्यात शेण काढत असलेल्या बाईंना म्हटलं, “ताई, तुमची दोन्ही मुलं आमच्याकडे पाठवा, मी जीव लावून शिकवेन.” त्यांनी घमेलं खाली ठेवलं. “बाई, तुमची पोरगी कंच्या शाळंत हाय?” माझी मुलगी तेव्हा कर्वेनगरच्या इंग्रजी शाळेत होती. मी खरं तेच सांगितलं. “मग?” एवढंच म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. मला राग आला, पण परतीच्या बसमध्ये स्वारगेट येईपर्यंत तो माझ्यावरच उलटला होता. घरी पुष्कळ वाद झाले. जूनमध्ये मात्र मी मुलीचा हात धरूनच आमच्या शाळेत गेले आणि तिचं नाव पटावर घातलं. मधल्या सुट्टीत ती सगळ्यांच्या पंगतीत खिचडी खायला बसली, तेव्हा गोठ्यातल्या त्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग दोन्ही मुलांना पुढे करून म्हणाल्या, “घ्या, नावं लिवा.” आज त्या शाळेला दोन खोल्या पुरत नाहीत, आणि कॉलेजात जाणारी माझी लेक शहरातल्या मैत्रिणींशी बोलतानाही बिनदिक्कत “हाय की!” म्हणते.