बाराखोलीची घागर

गॅसवर भरताची वांगी चढलेली, खिडकीतून धूर बाहेर जायचं नाव घेत नव्हता आणि वीज गेलेली. दिपमाला चिमट्याने वांगं फिरवत होती. कमलबाई ओट्याखाली पाट टाकून कांद्याची पात निवडत होत्या आणि सुनेला सूचना देत होत्या. त्या सूचना दिपमालाला लग्नापासून पाठ होत्या, तरी ती "हो आई" म्हणत होती. जळगावच्या पिंप्राळा भागातल्या त्यांच्या घरी भरीत असलं की सकाळ अशीच जायची.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोन शे वं?" कमलबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. माहेर धुळ्याकडचं. जळगावात येऊन पन्नासेक वर्षं झाली, तरी घाईत आणि रागात त्यांच्या तोंडी माहेरचीच बोली यायची.

दारात खांद्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवलेली एक तिशीतली बाई उभी होती. नाव मेघा. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाने जळगावचा डिजिटल संग्रह करायला घेतला होता. लोकांच्या घरातले फोटो, पत्रिका, वस्तू यांची छायाचित्रं काढायची, त्यामागची हकिगत ध्वनिमुद्रित करायची आणि सगळं संगणकावर ठेवायचं, कुणालाही घरबसल्या बघता यावं म्हणून. शेजारच्या वृषाली मॅडमनी तिला सांगितलं होतं, की या घरात गिरणीच्या चाळीतल्या बायकांची नावं कोरलेली घागर आहे.

दिपमालाने तिला नीट न्याहाळलं. "ओटीपी वगैरे मागणार नाही ना तुम्ही?"

"नाही हो ताई. पाणी मात्र मागीन. ऊन फार आहे."

"आणि घागर घेऊन जाणार?" हा प्रश्न कमलबाईंचा.

"नाही आजी. घागर तुमचीच, तुमच्याच घरी. मी फक्त फोटो काढणार आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेणार."

कमलबाईंनी निवडलेली पात बाजूला सारली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आज नको. माळ्यावर आहे, धूळ बसली असेल. शनिवारी ये. आणि आता जेवूनच जा, भरीत शे."

ती घागर म्हणजे कमलबाईंच्या संसाराची साक्ष होती. नवरा रुपचंद गिरणीत कामाला, म्हणून लग्नानंतर त्या बाराखोलीत आल्या. रेल्वेच्या रुळांना लागून बारा खोल्यांची एक चाळ होती, तिला सगळे बाराखोलीच म्हणायचे. आता ना गिरणी आहे ना चाळ. त्या जागी दुकानांचे गाळे आहेत आणि तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पुढे रुपचंदने पिंप्राळ्यात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. निघायच्या दिवशी चाळीतल्या बायकांनी मिळून ही पितळी घागर दिली आणि तिच्यावर आपली नावं घालून घेतली. कोरणारा अक्षरावर पैसे घ्यायचा, म्हणून नवऱ्यांची नावं, आडनावं सगळी गाळून टाकली. नुसती बायकांची नावं, एकेका ओळीत एक. एरवी चाळीत कुणी कुणाला त्या नावाने हाक मारत नव्हतं. सगळ्या कुणाच्या तरी आया, नाहीतर कुठल्यातरी गावच्या.

कमलबाईंना वाचता येत नव्हतं. कुठली ओळ कुणाची हे त्यांना बोटांनी ठाऊक होतं. गळ्याजवळची पहिली भागाबाईची, तिच्याखाली केसरची, असं करत पोटावर शेवटची ओळ सावदावालीची. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर माळ्यावरून उतरायची, चिंचेने घासून निघायची आणि घासता घासता कमलबाईंचा हात प्रत्येक ओळीवर थांबायचा.

आता ती सगळ्या शहराला दिसणार म्हटल्यावर कमलबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. काळवंडलेलं भांडं पाहुण्यासमोर ठेवायचं नसतं. चिंच लावून झाली, लिंबू-मीठ झालं, तरी बुडाचे काळे डाग हटेनात. शेवटी शुक्रवारी अमृतला, त्यांच्या मुलाला, हाक मारली. तो एस.टी. डेपोत नोकरीला, ड्यूटीवर निघाला होता.

"जाता जाता भांडेबाजारात पॉलिशला टाक. लख्ख कर म्हणावं. फोटो निघणार शे."

"आई, फोटो घागरीचा आहे, तुझा नाही."

"मंग? घागर काय परक्याची आहे?"

संध्याकाळी घागर जुन्या साडीत गुंडाळून परत आली. ओरखडा पडू नये म्हणून कमलबाईंनी ती तशीच कपाटाशेजारी ठेवली.

शनिवारी मेघा आली. कमलबाईंनी नवं पातळ नेसलं होतं. पाटावर घागर ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने साडी सोडली. खोलीत उजेड पडल्यासारखं झालं. पॉलिशवाल्याने सांगितल्यापेक्षा जास्त काम केलं होतं. घागरीच्या पोटात तिघींचेही चेहरे दिसत होते.

मेघाने घागर हळूच एकदा फिरवली. मग दुसऱ्यांदा फिरवली.

कमलबाईंचा हात सवयीने गळ्यावर गेला. तिथून खाली आला, पुन्हा वर गेला. बोटांना काहीच लागेना. पितळ नुसतं गुळगुळीत.

"नाव कथा गयात? कुठं गेली?" त्या अगदी हळू म्हणाल्या. मग कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनाच कळलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. "मीच पाठवली. माझ्या हातानं पुसली मी त्यांना."

दिपमालाने पाणी आणलं. सासूला तिने कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही.

"आजी, थांबा," मेघा म्हणाली. "जुनी अक्षरं आहेत, ठोकून कोरलेली. सगळीच्या सगळी जात नाहीत ती. एखादी जाड गोधडी आहे का?"

गोधडी आली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि भर दुपारी तिघी जणी घागर मध्ये घेऊन गोधडीखाली शिरल्या. मेघाने मोबाइलची बॅटरी लावून उजेड अगदी आडवा, पितळेला घासून जाईल असा धरला. उजेडाच्या कडेला बारीक सावल्या उमटल्या आणि त्यांतून एक 'भा' वर आला.

"भागाबाई," दिपमालाने वाचलं.

"हो," कमलबाई म्हणाल्या. "भागाबाईच. मला ताप होता तेव्हा माझं पाणी तीच भरायची. नळावर भांडायला तिच्यासारखी दुसरी नव्हती."

नावामागून नाव निघत गेलं. केसर. हौसा. यमुना. कुठे अख्खं, कुठे निम्मं. निम्मं असेल ते कमलबाई पुरं करायच्या आणि त्यासोबत त्या बाईने काय केलं होतं तेही सांगायच्या. कुणी दळण आणलेलं, कुणी रात्र रात्र उशाशी बसलेली. मेघाचा रेकॉर्डर चालू होता. गोधडीत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण बाहेर यायला कुणी तयार नव्हतं.

अमृत डेपोतून घरी आला तर दार उघडं, खोलीत अंधार आणि मध्ये गोधडीचा हलणारा डोंगर.

"काय चाललंय?"

"घागरीला घाम आणतोय," आतून दिपमाला म्हणाली. "दार लावा, उजेड येतो."

शेवटच्या ओळीशी मात्र उजेड हरला. मेघाने बॅटरी वरून धरली, खालून धरली, उलटी धरली. नेमकं पोटावर पॉलिशवाल्याचं चाक जोरात बसलं होतं. एक उभी रेघ आणि एक टिंब, याच्यापलीकडे काही नाही.

"ही कुणाची, आजी?"

"सावदावालीची."

"तिचं नाव?"

कमलबाईंना ते आठवेना. ती सावदा गावची, म्हणून चाळीत तिला सगळे सावदावालीच म्हणायचे. तिची बोली वेगळी, त्यावरून या दोघी एकमेकींना चिडवायच्या. पुढे गिरणी बंद पडली, तिचा नवरा सुरतेकडे कामाला गेला, मागोमाग तीही गेली आणि संपर्क तुटला. भांड्यावर नाव आहे म्हटल्यावर ते डोक्यात कशाला ठेवायचं? आपण फोनमध्ये नंबर ठेवतो आणि विसरून जातो, तसंच ते.

गोधडी बाजूला झाली. कमलबाईंनी अमृतकडे बोट दाखवलं.

"हा तीन महिन्यांचा होता. मला टायफॉइड. अंगावरचं दूध आटलं. हा रडून रडून निळा पडायचा. तिची पोरगी याच्याच वयाची. ती न विचारता आत आली, याला उचललं आणि पदराखाली घेतलं. मी उठून बसेपर्यंत रोज. तिच्या पोरीला कमी पडायचं, ते मला दिसायचं. पण ती कधी बोलली नाही. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, तुझी बोली मला कळत नाही, गप पडून ऱ्हा."

अमृतला हे सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून ऐकलेलं. तरी तो हेल्मेट हातात धरून उभाच राहिला.

मेघाने डोळे टिपले आणि लॅपटॉप उघडला. फोटोखाली एकेक नाव भरत गेली, कमलबाई सांगत होत्या त्या क्रमाने. दिपमाला शेजारी बसून शब्द बरोबर आहेत का बघत होती. शेवटच्या रकान्यात मेघाने काहीतरी टाइप केलं, तशी दिपमाला थबकली.

"काय लिहिलंस?" कमलबाईंनी विचारलं.

"अज्ञात, आजी. नाव मिळालं नाही की आम्ही तसं लिहितो. म्हणजे कोण ते माहीत नाही."

कमलबाई सरकून लॅपटॉपजवळ आल्या. त्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, तू एवढं केलंस, माझ्या मैत्रिणी मला परत आणून दिल्यास. आता एवढं एकच कर. हे खोड. माझ्या लेकाला दूध पाजणारी बाई मला माहीत नाही असं होईल का? तिथं सावदावाली असं लिही."