पालथ्या बादलीवरचे वकीलसाहेब

फी मागायची वेळ आली की आमच्या वकीलसाहेबांना खोकला यायचा. कोर्टात तासभर गरजणारा माणूस. पण पक्षकार समोर बसला की खोकायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "पाहू नं गा, आधी केस तं उभी राहू दे." केस उभी राहायची, निकाल लागायचा, साहेबांचा खोकला काही थांबायचा नाही. मी त्यांचा मुन्शी, चौथी शिकलेला. माझा मुन्शियाना, म्हणजे मुन्शीची फी, मी कागदाला हात लावायच्या आधीच घ्यायचो. म्हणून मुन्शीच्या पायात बूट आणि वकिलाच्या पायात चप्पल, अशी आमची जोडी नागपूरच्या कोर्टात फिरायची.

लोक जे देतील ती फी. कुहीकडचे लोक तांदूळ आणायचे, कोणी कोहळं ठेवून जायचा. सदर भागातल्या एका सलूनवाल्याचं दुकान साहेबांनी वाचवलं, तर त्यानं वर्षभर फुकट दाढी कबूल केली. साहेब रोज सकाळी हजर. दाढी वाढलेली असो की नसो. वरून मलाही पाठवायचे. "जा, करून ये. फी हाय ते, सोडाची नाही." दोन महिन्यांत आमचे गाल सोलून निघाले. शेवटी सलूनवाल्यानंच हात जोडले, "साहेब, केस हारलो असतो तं परवडलं असतं."

या सगळ्याला साहेबांच्या बायको, आमच्या बाईसाहेब, विटल्या होत्या. म्हणायच्या, "एक तारखेले पगार येते म्हणतात लोकाइच्या घरी. मले तो एकदा पाहाचा हाय." त्यांच्या भावानं खटपट करून कळमेश्वरच्या एका बादल्यांच्या कारखान्यात शब्द टाकला. कंपनीला पगारी वकील पाहिजे होता. दर महिन्याला पगार, राहायला क्वार्टर. फक्त मुन्शी नको होता. म्हणजे मी घरी. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

मुलाखतीच्या दिवशी बाईसाहेबांनी साहेबांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला सोबत धाडलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर सात-आठ कामगार बसले होते. पत्र्यानं हात कापतात म्हणून हातमोजे मागितले, तर कंपनीनं कामावरून काढलं होतं. एकानं तळहात दाखवला. साहेब म्हणाले, "काहून गा, लिहून दिलं का कुठं?"

"आमाले लिहिता कुठं येते, साहेब!"

झालं. साहेब तिथंच पडलेल्या एका पालथ्या बादलीवर बसले. खिसे चाचपले, पेन नव्हता. माझ्याकडे हात केला. "मुन्शी, पेन दे."

मला सगळं दिसत होतं. पेन नाही म्हटलं असतं तर साहेब उठून आत गेले असते. मी पेन दिला. टोपण काढून दिला.

अर्ज होईपर्यंत मॅनेजरच शोधत बाहेर आले. "वकीलसाहेब, इथं काय करून राहिले? आत सगळे वाट पाहून राहिले!"

साहेबांनी अर्ज पुढे केला. "आता येता येत नाही. मी समोरच्या पार्टीचा झालो. हे घ्या, पोच द्या."

दोन वर्षांनी कामगार जिंकले. मोजे मिळाले, नोकऱ्या मिळाल्या. फी म्हणून त्यांनी पोचे पडलेल्या बादल्या हातगाडी भरून आणल्या. त्या दिवशी बाईसाहेबांनी साहेबांना भात बादलीत वाढला. साहेबांनी शांतपणे आत डोकावून विचारलं, "वरण कोणत्या बादलीत हाय?"

साहेब गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पगार बाईसाहेबांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. आणि पेनाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

यंदा चैत्रात माझी बायको गेली. बाईसाहेब काठी टेकत भेटायला आल्या. मला राहवलं नाही, सांगून टाकलं, "बाईसाहेब, त्या दिवशी पेन मीच दिला होता. माझ्या पोटासाठी."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी तं त्याइच्या खिशातून काढून ठेवला होता रे! म्हटलं, हा माणूस रस्त्यात कोणाचं ना कोणाचं लिहीत बसन. तुया खिसा तपासाचा राहूनच गेला!" आणि हसत सुटल्या. मीही हसलो. सुतकाच्या घरात बसलेल्या बाया आमच्याकडे पाहत राहिल्या.

"तुया बायकोले माहीत होतं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं. आधी तिनं मला शिव्या घातल्या. मग भाकर वाढता वाढता म्हणाली, "बरं केलं. नाही तं दिवसभर घरी बसले असते माया डोक्यावर."

आता मी दिवसभर घरीच बसलेला असतो.