शेवटानंतरचं रीळ

दाजींची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली आणि त्या भेटीत ते एक अक्षरही बोलले नाहीत. बोलणं शक्यच नव्हतं. अर्धांगाचा झटका आला तो उजव्या अंगावर आणि जिभेवर. आयुष्यभर गुळाच्या पेठेत हमालांवर ओरडत आलेला हा माणूस, आणि गेला तो मुक्यानं. मी कॉटशेजारी स्टुलावर बसलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उशाचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला, आणि रुमालाखाली माझी दोन बोटं घट्ट दाबली. सोडली... पुन्हा दाबली. नर्सला वाटलं, त्यांना दोनदा काहीतरी हवंय. डॉक्टरांना वाटलं, आजाऱ्याची चाळवाचाळव असेल. मी मात्र डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, की पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे, ‘आत्ता’ असं म्हणतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी लिंगैक्य झाले. त्याला आता महिना होऊन गेला. त्या दोन बोटांचा माझा अर्थ अर्धवट होता, हे मला गेल्या रविवारी कळलं, म्हणून हे लिहायला बसलो.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, शिवलिंगप्पा. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. मी मास्तरकी करायला कोल्हापुरात आलो तो आक्काच्याच घरी. पुढं माझं बिऱ्हाड वेगळं झालं, पण रविवारचं जेवण तिथंच राहिलं. मी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि दाजींच्या मते जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी ‘अशक्य आहेत’ असं सांगणं हाच माझा धंदा होता. त्यांना वेड होतं ते इंग्रजी सिनेमांचं, आणि त्यातही एकाच जातीच्या: यंत्रात बसून मागच्या नाहीतर पुढच्या काळात जायचे सिनेमे. हे वेड त्यांना कुठून लागलं ते देव जाणे. साठ-पासष्टच्या सुमाराला गावातल्या एका थिएटरात रविवारी सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. बाहेरच्या पाटीवर घड्याळाचं नाहीतर विचित्र यंत्राचं चित्र दिसलं की दाजी शनिवारीच निरोप धाडायचे. मग रविवारी आम्ही तिघं बाल्कनीत. दाजी मध्ये, आक्का उजवीकडं, मी डावीकडं.

इंग्रजी आम्हा कुणालाच धड कळत नव्हतं. मला पुस्तकातलं यायचं, पण पडद्यावरचे लोक तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलायचे. दाजी मॅट्रिकपर्यंत गेलेले, आक्का मराठी चौथी. पण असल्या सिनेमात बोलणं कळलं नाही तरी चालतं. एकच गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे आत्ता पडद्यावर चाललंय ते कोणत्या काळातलं. मागचं, आजचं, की पुढचं? आक्काचा घोळ तिथंच व्हायचा. भर थिएटरात नवऱ्याच्या कानाला लागून विचारायची सोय त्या काळी नव्हती. मागच्या रांगेत शाहूपुरीतलं कुणी ना कुणी असायचंच. त्यावर दाजींनी आपल्या धंद्यातला तोडगा काढला. गुळाच्या सौद्यात भाव तोंडानं फोडत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. तोच गुळाचा वास मारणारा रुमाल दाजी खुर्चीच्या दांडीवर, आक्काच्या आणि स्वतःच्या हातांवर टाकायचे. एक बोट दाबलं की मागचा काळ, दोन म्हणजे आत्ता, तीन म्हणजे पुढचा. माझ्या माहितीत शाहूपुरीत बायकोचा हात धरून सिनेमा बघणारे हे एकच व्यापारी, आणि तेही सौद्याच्या नावाखाली.

बोटं कधी चुकायचीही. पण दाजी चुकीचं बोटसुद्धा असं ठामपणे दाबायचे की आक्काची शंका घ्यायची छाती व्हायची नाही. खरी भांडणं घरी जाताना. एका सिनेमात म्होरल्या काळातली माणसं सगळी एकसारखे कपडे घालून हिंडत होती आणि जेवणाऐवजी गोळ्या गिळत होती. दाजी भारावून गेले होते. आक्का दारात चपला काढताना म्हणाली, “जेवान न्हाय तर म्होरं जाऊन करायचं काय?” आणि भाकऱ्या थापायला गेली. मी तावातावानं सांगायचो, की काळात मागं जाता आलं असतं तर कारण आणि परिणाम यांची गल्लत झाली असती. दाजी वांग्याची फोड भाकरीवर घेत शांतपणे म्हणायचे, “मास्तर, गल्लत तर रोजच हुतीय की. त्याला मशीन कशाला पायजे?” माझ्या शास्त्राची त्या घरात एवढीच किंमत होती.

आता तो सिनेमा. अडुसष्ट की एकोणसत्तर साल असावं. नाव आठवत नाही असं म्हणणं खोटं ठरेल, पण सांगत नाही, कारण आम्ही पाहिला तो सिनेमा मुळात कुणी काढलाच नव्हता. एका लहान गावातला डॉक्टर. त्याची बायको ऐन तरुणपणी तापानं गेलेली. म्हातारपणी त्या तापावरचं औषध निघतं, तेव्हा हा गोठ्यात पिठाच्या गिरणीएवढं यंत्र बांधतो आणि औषधाची बाटली घेऊन मागं जातो. घराचं दार ढकलतो... आणि पुढच्याच क्षणी ती बाई मेलेली. खिडकीत पहाट, हा डोकं धरून बसलेला. मग परत आपल्या काळात येतो, टेबलावर दोन ताटल्या मांडतो आणि एकटाच बसून राहतो. पडद्यावर शेवटाची अक्षरं आली. लोक उठले, कुणी जिन्यापर्यंत पोचलेही. आणि सिनेमा परत सुरू झाला! डॉक्टर बायकोच्या उशाशी, बाटली फोडलेली. औषध पोटात जातं, ती डोळे उघडते, उठून बसते. तो चमच्यानं तिला सूप भरवतो. ती हसते. आणि पडदा एकदम पांढराफेक.

थिएटरात टाळ्या आणि शिट्ट्या. जिन्यातले लोक परत आत आले होते आणि उभ्यानं टाळ्या वाजवत होते. सगळ्यांना एकच अर्थ लागला होता, आणि तो दाजींनी बाल्कनीतून मोठ्यांदा सांगून टाकला: पहिल्या खेपेला त्याला उशीर झाला, म्हणून गडी पुन्हा गेला आणि वेळेवर पोचला. शेवट झाल्यावरसुद्धा मागं फिरता येतं, असा सिनेमा आजवर कुणी काढला नव्हता. मी एकटाच म्हणत होतो की शेवटची दोन रिळं उलटसुलट लागली आहेत. भरवण्याचं आधी, मरण्याचं नंतर. अख्ख्या थिएटरात माझं मत पडलं एकाविरुद्ध सगळे.

घरी जाताना आक्काची तक्रार वेगळीच होती. सूप भरवताना यांनी दोन बोटं दाबली, असं ती म्हणाली. “आवं, ती मागची गोष्ट की. एक बोट पायजे हुतं.” दाजी रस्त्यातच थांबले. म्हणाले, “माणूस समोर बसून जेवतंय म्हंजे ते आत्ताच. त्यात मागचं-म्होरचं काय असतंय?” आक्कानं पदर तोंडाला लावला. तिला पटलं की हसू आलं, ते मला कळलं नाही.

पुढं चार-सहा वर्षांनी आक्काला कावीळ झाली. दुखणं वाढत गेलं. एका दुपारी अचानक तिला हुशारी वाटली. उशाला टेकून बसली आणि भाताची पेज मागितली. दाजींनी स्वतः भरवली. पेजेत मीठ कमी आहे म्हणून ती त्यांच्यावर करवादली, तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी शाळेत निश्चिंतपणे तास घ्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली... आक्काच्या बाबतीत रिळं बरोबर लागली. मला त्या वेळी हेच वाक्य सुचलं होतं आणि मी ते कुणालाही बोललो नाही. माझी बहीण गेली, आणि माझ्यापेक्षा त्या माणसाचं कसं होणार याचंच मला जास्त वाटलं.

दाजींनी दंगा केला नाही. सौदे चालू राहिले, मुलगी शोभा शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. सिनेमा मात्र बंद. त्या थिएटरावरून जायचा रस्ता त्यांनी बदलला नाही, पण पाटीकडं बघत नसत. रविवारी मी जायचो, दोघं जेवायचो, गुळाच्या भावाचं बोलायचो. गगनबावड्याला पाऊस किती झाला इथपर्यंत विषय ताणायचो आणि मग मी घरी यायचो.

दोन-तीन वर्षांपूर्वी शोभानं त्यांना व्हिडिओ घेऊन दिला. आप्पांना, म्हणजे दाजींना, पूर्वी असले सिनेमे आवडायचे एवढं तिला ठाऊक होतं. दुकानदारानं दाखवलेल्या कॅसेटींतली एक तिनं न बघताच आणली, आणि ती नेमकी तीच निघाली. ती पुण्याला परतल्यावर रविवारी सकाळी आम्ही दोघं लावून बसलो. डॉक्टरनं दार ढकललं. बाटली, चमचा, सूप, हसणं. आणि मग पहाट, मरण, दोन ताटल्या, शेवटाची अक्षरं. वीस वर्षं मी जे म्हणत होतो ते समोर लख्ख दिसत होतं. दाजी म्हणाले, “कॅसेटवाल्यांनी रिळं चुकवल्यात.” उठले, फीत मागं फिरवली, सूप भरवण्यापासून लावली, आणि ती हसल्याबरोबर मशीन बंद केलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी हाच कार्यक्रम. शेवट आधी बघायचा, मग फीत मागं घेऊन सूप भरवायचं, आणि तिथं थांबायचं. शेजारच्या खुर्चीच्या दांडीवर रुमाल टाकलेला असायचा. मी त्या खुर्चीवर कधी बसलो नाही, त्यांनी कधी बस म्हटलंही नाही. एकदा मला राहवलं नाही. विचारलं, दाजी, खरा क्रम कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे ना? ते चिडले नाहीत. “म्हाईत हाय की. गूळ इकतोय मी, येडा न्हाय,” ते म्हणाले. “झालं कुठल्या क्रमानं ते माझ्या हातात नव्हतं. बघायचं कुठल्या क्रमानं, ते माझं मी ठरवनार.” मग मला म्हणाले, चहा टाक. मी टाकला.

गेल्या रविवारी शोभा घर आवरायला आली होती. व्हिडिओ पुण्याला न्यायचा म्हणून वायरी सोडण्याआधी तिनं मशीन चालू करून पाहिलं, तर कॅसेट आतच. आप्पा शेवटी काय बघत होते ते बघू या, म्हणाली. मी तिचा हात धरला, कारण फीत कुठं थांबलेली असणार हे मला ठाऊक होतं. तिथून पुढं पहाटच होती. मी थोडी मागं घेतली आणि मग लावली. शोभा कुठं बसावं म्हणून बघत होती. रुमालाच्या खुर्चीवर बस, असं मीच सांगितलं. पडद्यावर ती बाई उठून बसली, चमचा भरला. तेवढ्यात शोभानं मध्येच विचारलं, “मामा, दवाखान्यात आप्पांनी तुमची दोन बोटं का दाबली होती?” मी डॉक्टरांना दिलेलं उत्तर तोंडाशी आणलं, आणि ते तोंडातच राहिलं. दाजी मला कसली वेळ सांगत नव्हते. त्यांच्या समोर कुणीतरी बसून जेवत होतं. पेजेत मीठ कमी म्हणून करवादतही असेल... मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

ती बाई हसली. मी उठलो आणि मशीन बंद केलं.

“पुढं काय होतं, मामा?” शोभानं विचारलं.

“पुढं काही नाही,” मी म्हणालो. “सिनेमा इथंच संपतो.”